न दिसणाऱ्याचे पोर्ट्रेट : रजोनिवृत्ती, चेहरा आणि अभाव

सलग बारा महिने पाळी आली नाही आणि तिच्या न येण्याला गर्भारपण, आजार किंवा औषध असे दुसरे कारण नसले, म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे आजचे वैद्यकशास्त्र मानते. या व्याख्येत एक विलक्षण गोष्ट दडलेली आहे, ती अशी की जी पाळी शेवटची ठरते ती येते तेव्हा शेवटची म्हणून ओळखू येत नाही; तिचे शेवटचेपण वर्षभराने, मागे वळून, केवळ न येण्याच्या मोजदादीवरून ठरवावे लागते. छायाचित्राची रीत याच्या अगदी उलट आहे, कारण कॅमेऱ्याचे शटर सेकंदाच्या एखाद्या अंशापुरते उघडते आणि त्या अंशात भिंगासमोर जे प्रत्यक्ष असेल त्याचाच प्रकाश आत घेते. जे थांबले, जे पुन्हा आले नाही, त्याच्यावरून प्रकाश परावर्तित होत नाही. तरीही गेल्या काही दशकांत, प्रामुख्याने ब्रिटन आणि अमेरिकेत, स्त्री-छायाचित्रकारांनी स्त्रीच्या आयुष्यातील या पर्वाचा शोध व्यक्तिछायाचित्रातून, म्हणजे स्टुडिओच्या भाषेत ज्याला पोर्ट्रेट म्हणतात त्या प्रकारातून, घेतला आहे. त्या प्रयत्नांकडे संकोच मोडण्याचा उपक्रम म्हणून पाहिले जाते आणि तसे पाहणे योग्यही आहे. परंतु त्यांच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो निव्वळ सामाजिक नाही. अभाव दिसू शकतो का, आणि ज्या देहात तो घडला त्या देहाचा चेहरा पाहून तो जाणता येतो का, हा तो प्रश्न होय, आणि भारतीय दर्शनांनी, विशेषतः न्याय आणि मीमांसा या परंपरांनी, त्यावर शेकडो वर्षे वाद केलेला असल्याने कॅमेऱ्याची ही आधुनिक अडचण त्या वादाच्या उजेडात तपासणे अगत्याचे ठरते.

प्रथम शब्द पाहावा. युरोपीय भाषांत रूढ झालेला ‘मेनोपॉज’ हा शब्द शार्ल द गार्दान या फ्रेंच वैद्याने १८२१ साली आपल्या ग्रंथाच्या शीर्षकात वापरला, आणि त्याआधी १८१६ मध्ये त्यानेच त्याचे थोडे वेगळे रूप घडवले होते. मूळ ग्रीक शब्दांनुसार त्याचा अर्थ मासिकाचे थांबणे एवढाच आहे. मराठीने संस्कृतातून घडवलेला शब्द मात्र अर्थाने दाट आहे. ‘रजस्’ म्हणजे ऋतुस्राव, तसाच सांख्यांच्या तीन गुणांपैकी चळवळीचा, आसक्तीचा गुण. आणि ‘निवृत्ती’ म्हणजे प्रवृत्तीच्या उलट दिशेने वळणे, जो शब्द मराठी माणसाच्या कानात सेवानिवृत्तीपासून ज्ञानदेवांचे थोरले बंधू आणि गुरू निवृत्तिनाथ यांच्यापर्यंत अनेक पडसाद उमटवतो. घरातली बोली याहून साधी आहे. ‘पाळी गेली’ असे बायका म्हणतात, आणि जुन्या पिढीच्या तोंडी ‘विटाळ गेला’ असेही असे. या दोन्ही बोलींत काहीतरी गेले एवढेच सांगितलेले आहे. विसाव्या शतकातील वैद्यकानेही हीच भाषा आपल्या परीने चालवली. बीजकोशातून स्रवणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होते हे खरेच आहे, परंतु अमेरिकन डॉक्टर रॉबर्ट विल्सन यांनी १९६६ च्या ‘फेमिनिन फॉरएव्हर’ या पुस्तकातून रजोनिवृत्ती हा कमतरतेचा रोगच आहे असे ठासून मांडले आणि लक्षावधी स्त्रियांना स्वतःकडे उणे झालेला देह म्हणून पाहायला शिकवले. एक परंपरा अशुद्धी गेली म्हणते, दुसरी संप्रेरक गेले म्हणते. स्त्रीच्या ठायी काय उरले, किंवा काय आले, हे विचारण्याची सोय दोहोंतही नाही.

न्याय-वैशेषिकांनी अभावाला पदार्थांच्या यादीत सातवे स्थान दिले, म्हणजे ‘नसणे’ हे नुसते बोलण्याचे वळण न मानता जगातली एक जाणण्याजोगी वस्तुस्थिती मानली. त्यांचे नेहमीचे उदाहरण मातीच्या घड्याचे आहे: जमिनीवर घडा नाही. येथे ज्याचा अभाव आहे तो घडा म्हणजे प्रतियोगी, आणि जेथे अभाव आहे ती जमीन म्हणजे अधिकरण. घडा घडण्यापूर्वी त्याचा जो अभाव असतो तो प्रागभाव, ज्याला आरंभ नाही पण अंत आहे. घडा फुटल्यावर जो येतो तो प्रध्वंसाभाव, ज्याला आरंभ आहे पण अंत नाही. आणि काही नैयायिक यांखेरीज सामयिकाभाव नावाचा एक प्रकार मानतात, ज्यात घडा उचलून बाजूला नेलेला असतो आणि तो परत येऊ शकतो. स्त्रीदेहाला ही विभागणी लावून पाहिली तर तिचा नेमकेपणा थक्क करतो. न्हाण येण्यापूर्वीचा काळ हा प्रागभाव, दोन पाळ्यांमधले दिवस हा सामयिकाभाव, आणि शेवटच्या पाळीनंतरचे सारे आयुष्य हा प्रध्वंसाभाव होय. रजोनिवृत्तीच्या आधीची जी चार-सहा अनिश्चित वर्षे, जेव्हा पाळी दोन महिने येत नाही, मग अवचित येते, मग पाच महिने पुन्हा येत नाही, त्या वर्षांचे दुःख आणि त्यांची गंमतही या परिभाषेत नेमकी सांगता येते: समोरचा अभाव सामयिक आहे की प्रध्वंसाचा, हे स्त्रीला त्या क्षणी कळूच शकत नाही. तिच्याजवळ अभाव आहे, पण त्याचा प्रकार तिच्याजवळ नाही.

आता हा अभाव कोणत्या प्रमाणाने, म्हणजे ज्ञानाच्या कोणत्या साधनाने, कळतो? कुमारिल भट्टांची मीमांसा आणि अद्वैत वेदान्त यांनी यासाठी अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, हे स्वतंत्र प्रमाण मानले. नैयायिकांनी ते स्वतंत्र न मानता न आढळण्याच्या साहाय्याने अभाव प्रत्यक्षच दिसतो असे म्हटले. वाद मोठा असला तरी एका अटीवर दोन्ही पक्षांचे एकमत आहे, आणि पोर्ट्रेटच्या दृष्टीने तीच अट निर्णायक आहे. न आढळणारी वस्तू तेथे असती तर आढळण्याजोगी असली पाहिजे. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून तेथे घडा नाही असे सिद्ध होत नाही, कारण असता तरी तो दिसला नसता. स्त्रीच्या चेहऱ्याच्या बाबतीत नेमके हेच घडते. रज चेहऱ्यावर कधी दिसतच नव्हते. तेव्हा त्याचे नसणेही चेहऱ्यावर दिसणे शक्य नाही. रजोनिवृत्त स्त्रीचे पोर्ट्रेट रजोनिवृत्ती दाखवते असा दावा जो कोणी करील, तो अंधाऱ्या खोलीच्या दारात उभा राहून घड्याबद्दल ग्वाही देत असतो.

यावर असे म्हणता येईल, की चेहऱ्यावर अभाव दिसत नसला तरी त्याच्या खुणा दिसतात, आणि धुरावरून जसा अग्नी तसा त्या खुणांवरून रजोनिवृत्तीचा निष्कर्ष काढता येतो. या आक्षेपाला उत्तर न्यायशास्त्रातच आहे. निष्कर्षाला आधार देणारी खूण, म्हणजे हेतू, जर निष्कर्ष नसतानाही आढळत असेल तर तो हेतू सव्यभिचार, म्हणजे इकडेतिकडे भरकटणारा, ठरतो आणि त्यावरचे अनुमान कोसळते. पांढरे केस एखाद्या स्त्रीला तिशीत येतात आणि एखादीला साठीपर्यंत येत नाहीत. सुरकुत्या ऊन, कष्ट आणि आनुवंशिकता यांच्या हिशेबाने पडतात. आणि अकाली रजोनिवृत्ती चाळिशीच्या आतही होते, जेव्हा चेहऱ्यावर वयाचे काहीच लिहिलेले नसते. चेहऱ्यावर खरोखर उमटणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे ज्याला बायका ‘अंगातून वाफा निघणे’ म्हणतात ती उष्णतेची लाट, जिच्यात चेहरा, मान आणि छाती यांवरील रक्तवाहिन्या रुंदावतात, त्वचा लाल होते, घाम सुटतो आणि काही मिनिटांत सारे ओसरते. परंतु ती लाली छायाचित्रात धरली तरी ती लाजेची, रागाची, तापाची की चुलीसमोर बसल्याची, हे छायाचित्र सांगू शकत नाही, आणि कृष्णधवल छायाचित्रात तर ती उतरतही नाही.

चेहरा हा हेतू मानण्याची ही चूक छायाचित्रणाच्या बालपणीच रुजली. ह्यू वेल्च डायमंड हे १८४८ ते १८५८ या काळात इंग्लंडमधील सरे परगण्याच्या मनोरुग्णालयात स्त्रीविभागाचे प्रमुख होते आणि त्यांनी आपल्या रुग्ण स्त्रियांची पोर्ट्रेट काढून १८५६ साली रॉयल सोसायटीपुढे या विषयावर निबंध वाचला. चेहऱ्यावरून मनाचा विकार ओळखता येतो असे त्यांना वाटत होते. त्यांच्याबद्दल न्यायाने हेही सांगितले पाहिजे की रुग्णाला तिचेच छायाचित्र दाखवल्याने तिला बरे वाटू शकते असेही ते मानत, आणि हा विचार पुढे सव्वाशे वर्षांनी वेगळ्या रूपात परत आला. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात १८७६ ते १८८० या वर्षांत हिस्टेरियाग्रस्त ठरवलेल्या स्त्रियांच्या छायाचित्रांचे खंड निघाले तेव्हा त्या करुणेचाही मागमूस उरला नव्हता. त्याच शतकात ‘ऋतुसमाप्तीचे वेड’ अशी एक वर्गवारी युरोपीय मनोरोगशास्त्रात होती, आणि उतारवयातील विषण्णतेचे तिच्याशी नाते सांगणारे निदान अमेरिकन मनोरोगतज्ज्ञांच्या अधिकृत नामावलीतून १९८० मध्ये वगळले जाईपर्यंत टिकून राहिले. देहातल्या एका अभावाला मनातला दोष म्हणून वाचण्याची ही सवय होती, आणि कॅमेरा तिचा साक्षीदार म्हणून उभा केला गेला होता.

त्याच काळातील एक योगायोग येथे नोंदवण्याजोगा आहे. कोलकात्यात १८१५ साली जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना त्यांचा पहिला कॅमेरा १८६३ च्या डिसेंबरात, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मुलगी आणि जावई यांच्याकडून भेट मिळाला, म्हणजे ज्या वयात समाज स्त्रीचे काम संपले असे समजत होता त्या वयात छायाचित्रणाच्या इतिहासातील एक सर्वश्रेष्ठ पोर्ट्रेटकार कामाला लागली. तरीही त्यांच्या छायाचित्रांचा जो संग्रह व्हर्जिनिया वुल्फ आणि रॉजर फ्राय यांच्या प्रस्तावनांसह १९२६ मध्ये निघाला त्याच्या नावात पुरुष कीर्तिमान आणि स्त्रिया रूपवान आहेत. टेनिसन, हर्शल, कार्लाइल यांच्या सुरकुत्यांत त्यांच्या भिंगाने बुद्धीचे तेज शोधले. स्वतःच्या वयाच्या स्त्रीच्या सुरकुत्यांकडे मात्र ते क्वचितच वळले. एवढ्या समर्थ दृष्टीलाही जे पाहणे सुचले नाही, ते पाहायला पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

काळ आणि चेहरा यांचा सर्वांत चिकाटीचा छायाचित्रीय अभ्यास म्हणून निकोलस निक्सन यांच्या ‘द ब्राउन सिस्टर्स’ या मालिकेचे नाव घेतले जाते. निक्सन यांनी १९७५ मध्ये आपली पत्नी बेबे आणि तिच्या तीन बहिणी यांचे एकत्र छायाचित्र काढले आणि त्यानंतर दरवर्षी एक याप्रमाणे २०२२ पर्यंत, मोठ्या आकाराच्या कॅमेऱ्यावर, कृष्णधवल, बहिणींचा उभे राहण्याचा क्रम तोच ठेवून ते काढत राहिले. पहिल्या छायाचित्रात सर्वांत धाकटी पंधरा वर्षांची आणि सर्वांत थोरली पंचविशीची आहे, त्यामुळे शेवटच्या छायाचित्रापर्यंत चारही बहिणी साठी ओलांडतात, आणि साधारणपणे स्त्रीच्या आयुष्यात ज्या वयात रजोनिवृत्ती येते ते वय या मालिकेत एकदा नव्हे, चार वेळा येऊन जाते. तरीही अठ्ठेचाळीस छायाचित्रे ओळीने मांडून कोणी बोट ठेवू म्हटले, की हे पाहा, येथे, तर ते बोट कोठेही टेकणार नाही. केस विरळ होत जातात, गालांची हाडे वर येतात, एका बहिणीचा हात दुसरीच्या खांद्यावर अधिक घट्ट बसतो. परंतु देहातले ते मोठे वळण कोणत्याही दोन छायाचित्रांच्या मधल्या फटीतून निसटून गेलेले असते. बौद्ध क्षणिकवादाची परिभाषा वापरायची तर येथे क्षण आहेत आणि त्यांचा संतान, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या क्षणांचा प्रवाह, आहे, पण ज्या ठिकाणी ‘बदलले’ असे म्हणता येईल तो क्षण कोणत्याच चौकटीत नाही, कारण बदल ही चौकटींची तुलना करणाऱ्या मनाची कृती आहे.

अशीच तुलना एका स्त्रीने फार पूर्वी स्वतःच केली होती. थेरीगाथा या पाली संग्रहात वैशालीच्या आम्रपालीच्या नावावर जी गाथा आहे, तिच्यात एकेकाळची नगरवधू आणि नंतरची भिक्षुणी आपल्याच देहाचा केसांपासून पायांपर्यंत एकेक अवयव घेऊन तो तेव्हा कसा होता आणि आता कसा आहे हे सांगत जाते. रचना पाहिली तर ती दोन पोर्ट्रेटांची शेजारी शेजारी केलेली मांडणीच आहे. परंतु निक्सन यांच्या मालिकेहून एक मूलभूत फरक तिच्यात आहे आणि तो वयाचा किंवा माध्यमाचा नाही. आम्रपालीच्या गाथेत पाहणारी आणि पाहिली जाणारी एकच आहे. अनित्यतेचा सिद्धान्त तिने दुसऱ्याच्या डोळ्यांत वाचलेला नाही; स्वतःच्या देहावर पडताळून बुद्धाचे वचन खरे ठरते असे ती सांगते, आणि त्या सांगण्याचे वजन ती सांगणारी आहे यातच आहे.

येथे न्यायशास्त्राचे चौथे प्रमाण, म्हणजे शब्द, पुढे येते. आप्ताचे वचन हे ज्ञानाचे साधन आहे असे न्यायसूत्रे मानतात, आणि वात्स्यायनांनी आपल्या भाष्यात आप्ताची व्याख्या करताना, ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जी जशी पाहिली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो आप्त असे सांगून, हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे असा उदार खुलासा केला. जात, वंश किंवा पांडित्य यांचा तेथे संबंध नाही. मग रजोनिवृत्तीच्या बाबतीत आप्त कोण? प्रध्वंसाभावाची मोजदाद जिने बारा महिने केली ती, आणि दुसरे कोणी नाही. म्हणूनच या विषयावरच्या चांगल्या पोर्ट्रेटांसोबत जवळजवळ नेहमी त्या स्त्रीचे शब्द असतात. ते शब्द चित्राखालची शोभेची ओळ नसून ज्ञान ज्यातून येते ते प्रमाणच तेथे आहे, आणि चेहरा हा सांगणाऱ्या व्यक्तीचे अधिष्ठान आहे. शब्दांची गरज अशासाठीही आहे की अनुभव सर्वत्र एक नाही. मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट लॉक यांनी १९९३ च्या ग्रंथात दाखवले की ‘कोनेन्की’ या जपानी संकल्पनेत पाळी थांबणे हा केवळ एक धागा आहे आणि तेथील स्त्रिया वाफांपेक्षा खांदे आखडण्याची तक्रार अधिक करीत. मार्शा फ्लिंट यांनी १९७५ मध्ये राजस्थान व हिमाचल प्रदेशातील रजपूत स्त्रियांविषयी लिहिले की पाळी गेल्यावर त्यांना घुंगट सोडून पुरुषांच्या बैठकीत बसता येई आणि त्रासाचा उल्लेख त्या फारसा करीत नसत. यावरून भारतीय स्त्रीला त्रास होतच नाही असा जो सुखद समज काही जण करून घेतात तो चुकीचा आहे, कारण वाफा, निद्रानाश आणि सांधेदुखी यांच्या तक्रारी येथेही आहेत. परंतु एकाच चेहऱ्यामागे किती वेगळी वाक्ये असू शकतात, एवढे त्यावरून कळते.

इस्रायलमध्ये जन्मलेल्या आणि न्यूयॉर्कमध्ये काम करणाऱ्या एलिनोर कारुची यांच्या २०१९ च्या ‘मिडलाइफ’ या पुस्तकाला या प्रश्नाची धार सर्वांत तीव्रपणे जाणवलेली दिसते. स्वतःचा चेहरा, पांढरा केस, ओठांभोवतीच्या रेषा, पती, वाढती मुले, थकलेले आईवडील यांच्या छायाचित्रांमध्ये एक छायाचित्र शस्त्रक्रियेने काढलेल्या त्यांच्या स्वतःच्या गर्भाशयाचे आहे. अभाव दाखवता येत नाही म्हणून त्यांनी प्रतियोगीच समोर ठेवला. घडा नसलेली जमीन दिसत नसेल तर जमिनीवरून उचललेला घडा पाहा, असे ते छायाचित्र म्हणते. पाहणारा प्रथम शहारतो. परंतु वैद्यकाच्या बरणीतला अवयव आणि हा अवयव यांत फरक आहे, कारण येथे ज्या देहातून तो निघाला त्याच देहाच्या मालकिणीने तो पाहण्याचे ठरवले आहे, आणि पुढच्या पानावर तिचे जगणे चालूच आहे.

असे ठरवण्याची मोकळीक सर्वांना नसते, आणि हा मुद्दा महाराष्ट्राला थेट भिडतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर झाल्याचे उघड झाल्यावर राज्य सरकारने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झाल्याचे समोर आले. नवराबायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते, कामावर न गेल्यास ‘खाडा’ म्हणून पैसे कापले जातात, आणि पाळीचे दिवस हा त्या हिशेबात खाडा ठरतो. अशा ठिकाणी पाळीचा अभाव हा वयाने आलेला नसून ऊस, कर्ज आणि दवाखाना यांनी मिळून घडवलेला आहे, आणि त्याला निवृत्ती म्हणणे हे भाषेचे क्रौर्य होईल. अशा स्त्रीचा चेहरा वर्तमानपत्रात छापताना तिच्या शब्दांना जागा दिली नाही तर ते छायाचित्र डायमंड यांच्या मनोरुग्णालयातल्या छायाचित्रांच्याच जातीचे होते, मग ते छापणाऱ्याचा हेतू कितीही सहानुभूतीचा असो.

धर्माने या अवस्थेला कोणते स्थान दिले? सुश्रुतसंहितेने बाराव्या वर्षाच्या सुमारास रज सुरू होते आणि देह पिकल्यावर पन्नाशीच्या सुमारास ते क्षीण होते असे शांतपणे नोंदवले आणि त्याला रोग म्हटले नाही. विधींचा विचार करता मात्र असमतोल ठळक आहे. न्हाण आल्यावर मुलीला मखरात बसवण्याचा सोहळा महाराष्ट्रात होत असे आणि गर्भाधानापर्यंतचे संस्कार शास्त्राने ठरवले होते, पण ऋतुसमाप्तीसाठी सोळा संस्कारांत एकही संस्कार नाही. पुरुषाला वानप्रस्थाश्रमाकडे वळण्याची खूण मनुस्मृतीने सांगितली आहे आणि ती मुख्यतः चेहऱ्यावरचीच आहे, म्हणजे सुरकुत्या आणि पांढरे केस. पत्नीविषयी तेथे एवढेच आहे की तिला मुलांकडे सोपवावे किंवा सोबत न्यावे. स्त्रीच्या वाट्याला या वळणावर जे आले ते भाद्रपद शुद्ध पंचमीचे ऋषिपंचमीचे व्रत, ज्यात रजस्वला असताना नकळत झालेल्या स्पर्शाच्या दोषाचे परिमार्जन करण्यासाठी ती बैलाच्या कष्टाचे अन्न न खाता सप्तर्षींची पूजा करते, आणि ज्याच्या कथेत तो दोष न पाळल्याने पत्नीला कुत्रीचा आणि पतीला बैलाचा जन्म येतो. अनेक घरांत पाळी गेल्यानंतर या व्रताचे उद्यापन, म्हणजे विधिपूर्वक समापन, करण्याचा प्रघात आहे. ऋतुसमाप्तीचा विधी म्हणता येईल असे मराठी घरात जर काही असेल तर ते हे उद्यापन होय, आणि त्याचा आशय क्षमायाचनेचा आहे. पस्तीस वर्षांच्या नैसर्गिक देहधर्माचा समारोप अपराध फेडून झाल्याच्या भावनेने व्हावा, ही गोष्ट श्रद्धेने व्रत करणाऱ्या स्त्रीचा पूर्ण मान राखूनही दुःखाचीच म्हणावी लागते.

विटाळाच्या या कल्पनेचे खंडन वारकरी परंपरेतच आहे. चोखोबांच्या पत्नी सोयराबाई यांनी आपल्या अभंगात जो विचार मांडला त्याचे सार असे, की देहच जर विटाळातून घडतो तर विटाळापासून वेगळा असा सोवळा देह कोणता आणि कोणाचा. नैयायिकांच्या भाषेत या विचाराचे बळ अधिक उघड होते. ज्या वस्तूला अस्तित्वच नाही, जसे सशाचे शिंग, ती प्रतियोगी होऊ शकत नाही, आणि म्हणून तिच्या अभावाविषयी बोलणे अर्थशून्य ठरते. सोयराबाईंचा युक्तिवाद मान्य केला तर विटाळ हे सशाचे शिंग ठरते. आणि मग ‘विटाळ गेला’ या वाक्यात काहीच गेलेले नसते, कारण काही नव्हतेच.

केरळमधील शबरीमला मंदिराच्या प्रथेत हाच प्रश्न दाराशी येऊन उभा राहिला. तेथे १० ते ५० वर्षे वयाच्या स्त्रियांना असलेली प्रवेशबंदी सर्वोच्च न्यायालयाने २८ सप्टेंबर २०१८ रोजी चार विरुद्ध एक अशा मताने रद्द केली, न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी भिन्नमत नोंदवले, आणि पुढच्या वर्षी पुनर्विचाराच्या सुनावणीतून काही प्रश्न मोठ्या पीठाकडे गेले. अय्यप्पाचे ब्रह्मचर्य हा भक्तांच्या श्रद्धेचा विषय आहे आणि त्याचा आदर करूनही येथे ज्ञानाचा एक प्रश्न उरतो. दारावरच्या माणसाला रज दिसत नाही, त्याचा अभावही दिसत नाही. म्हणून वय हा हेतू मानला जातो, आणि वयासाठी ओळखपत्र. त्या पत्राच्या कोपऱ्यात एक लहानसे पोर्ट्रेट असते. त्या प्रथेनुसार एकावन्न वर्षांची स्त्री पाळी चालू असतानाही आत जाऊ शकते आणि पंचेचाळिसाव्या वर्षी रजोनिवृत्त झालेली बाहेर थांबते, म्हणजे हेतू सव्यभिचार आहे हे तेथे रोज सिद्ध होते. पोर्ट्रेटला अभावाचा दाखला बनवण्याचा याहून कोरडा प्रकार सापडणे कठीण आहे.

या सगळ्याहून निराळी वाट ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात जो स्पेन्स आणि रोझी मार्टिन यांनी ‘फोटोथेरपी’ या नावाने शोधली. स्पेन्स यांना १९८२ मध्ये स्तनाचा कर्करोग झाल्याचे कळले होते आणि रुग्णालयात आपला देह दुसऱ्यांच्या नजरेचा विषय होतो हे त्यांनी अनुभवले होते; दोघींनी ठरवले की कॅमेऱ्यासमोर बसणारी स्त्रीच कोणते रूप घ्यायचे, काय आठवायचे, कधी शटर दाबायचे हे सांगेल, कॅमेऱ्यामागची तिला साथ देईल, आणि मग भूमिका बदलतील. पुढे मार्टिन यांनी के गुडरिज यांच्यासोबत ‘आउटरेजस एजर्स’ या प्रकल्पात वयात आलेल्या नव्हे, वय ओलांडलेल्या स्वतःच्याच देहांना याच रीतीने समोर ठेवले. या पद्धतीत पोर्ट्रेट काही सिद्ध करण्याचे ओझे टाकून देते. भारतीय मनाला हे अपरिचित वाटू नये, कारण दर्शन या आपल्या शब्दात पाहणे आणि पाहिले जाणे एकत्रच आहे. मूर्तीच्या प्राणप्रतिष्ठेत नेत्रोन्मीलन, म्हणजे डोळे उघडण्याचा विधी, होतो तेव्हा तिच्यासमोर आरसा धरण्याची रीत आहे, आणि तोवर घडवलेली वस्तू असलेली मूर्ती त्यानंतर पाहणारी होते. समोर बसलेल्या स्त्रीला पाहणारी मानणे एवढीच फोटोथेरपीची अट आहे. निवृत्ती हा शब्द येथे पुन्हा विचारात घेण्याजोगा होतो. देहाचे रज थांबणे ही कोणी केलेली निवृत्ती नव्हे, ते वैराग्यही नव्हे, आणि प्रत्येक पन्नाशीच्या स्त्रीवर संन्यासाची भगवी छटा चढवणे हा तिच्यावर नवा अन्याय ठरेल. परंतु जे आपोआप थांबले त्यासंबंधी आपण कोठे उभे राहायचे हे ती स्वतः ठरवते तेव्हा त्या ठरवण्यात निवृत्तीचा खरा अर्थ, म्हणजे जाणीवपूर्वक वळणे, येऊ शकतो.

तमिळ शैव परंपरेतील त्रेसष्ट नायनमारांपैकी, म्हणजे शिवभक्त संतांपैकी, एक असलेल्या कारैक्काल अम्मैयार यांची कथा या ठिकाणी आठवते. त्यांचे दैवी सामर्थ्य पाहून पती भयचकित होऊन निघून गेला, त्याने दुसरे लग्न केले आणि मुलीला त्यांचेच नाव ठेवले. तेव्हा त्यांनी शिवाकडे मागितले की ज्या रूपाचा उपयोग पतीसाठी होता ते मांस आता गळून जावे, आणि त्या हाडांच्या सापळ्यासारख्या झाल्या. कैलासावर पाय ठेवायचा नाही म्हणून त्या हातांवर चालत गेल्या, आणि शिवाने त्यांना ‘अम्मै’, म्हणजे आई, अशी हाक मारली. चोळकालीन कलाकारांनी त्यांच्या कांस्यमूर्ती घडवल्या आहेत, आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात तेराव्या शतकातील अशी एक मूर्ती आहे. लोंबलेले स्तन, मोजता येतील अशा फासळ्या, आणि दोन्ही हातांत टाळ. ज्या मूर्तिकलेने स्त्रीदेहाचे भरलेपण शतकानुशतके कोरले, तिनेच हा उतरलेला देह तितक्याच निगुतीने ओतला आणि त्याला पूजेत बसवले. अशा मूर्ती नाचणाऱ्या शिवाच्या पायाशी बसण्यासाठी घडवल्या जात, परंतु संग्रहालयांत त्या बहुधा सुट्याच पाहायला मिळतात. समोर नटराज नसतो, आणि हातांतले टाळ ताल धरलेलेच असतात.